रोल घरीच धुवा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीच्या घरात शिरलं, तेव्हा अण्णांच्या फोटो स्टुडिओतल्या निगेटिव्ह खालच्या फडताळात होत्या. बिस्किटांचे आठ पत्र्याचे डबे. पाणी उतरल्यावर आम्ही कुलूप काढून आत गेलो तर डब्यांत निम्मं पाणी, निम्मा गाळ. चुलतभावाने तीन डबे उघडले आणि निगेटिव्हचे गठ्ठे तसेच गच्चीवर उन्हात ठेवले. त्याच्या मनात चांगलंच होतं. पण संध्याकाळपर्यंत गठ्ठ्यांच्या वड्या झाल्या. एकीवर एक अशा चिकटल्या की सुरीच्या टोकानेही सुटेनात.

उरलेल्या पाच डब्यांना अण्णांनी हात लावू दिला नाही. "ओल्याच राहू देत," एवढंच म्हणाले. त्यांनी सगळा माल पाण्याच्या बादल्यांत बुडवला आणि टेम्पोतून मिरजेला आत्याकडे नेला. तिथे अंगणात चार घमेली मांडली. थंड स्वच्छ पाण्यात एकेक पट्टी बोटांनी हलकेच सोडवायची, गाळ जाईपर्यंत खळखळून घ्यायची आणि चिमट्याने दोरीवर लटकवायची. हे आम्ही तीन दिवस केलं. दुसऱ्या दिवशी मी एक सुकलेली पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली. कुणाचं तरी लग्न होतं. नवरीचा चेहरा काळा, गजरा त्याहून काळा, केस काचेसारखे पारदर्शक. कडेला अण्णांच्या अक्षरात शाईने घातलेला नंबर धुऊन गेला होता, पण नवरीच्या नथीतले मोती मोजता येत होते.

हातात सव्वा हजाराचा नाही तर सव्वा लाखाचा फोन असताना फिल्मवर फोटो का काढायचा, असं मला कॉलेजातली मुलं विचारतात. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी पुण्यातल्या फ्लॅटच्या न्हाणीघरात रोल धुते, म्हणजे फिल्मवर टिपलेले फोटो रसायनांनी उमटवते. रोजचे फोटो मीही फोनवरच काढते. फिल्मचा 'लूक' मला महत्त्वाचा वाटत नाही. तो आता फोनमध्येही एका बोटावर मिळतो. मला त्या पट्टीची ओढ आहे. नवरीवर पडलेला उजेडच त्या जिलेटीनमधल्या चांदीवर उमटला आणि तिथेच राहिला. ती हातात धरता येते, पाण्यात धुता येते. आणि ती घडते कशी, हे रोल लॅबला देऊन कळत नाही. म्हणून माझं सांगणं एकच: फिल्मवर फोटो काढणार असाल तर पहिला रोल स्वतः धुवा. कसा, ते पुढे सांगते.

रोल आणि कॅमेरा

पहिला रोल ब्लॅक अँड व्हाइटच घ्या. रंगीत रोलला ३८ अंशांचं पाणी काट्यावर सांभाळावं लागतं. ब्लॅक अँड व्हाइट बराच समजूतदार असतो. मी इलफर्डचा एचपी५ प्लस वापरते, ४०० आयएसओचा. आयएसओ म्हणजे रोल उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा. कोडॅकचा ट्राय-एक्स ३५ मिलिमीटरमध्ये १९५४ पासून आहे, तोही उत्तम. यातला कुठलाही एक धरा आणि पहिले पाच रोल बदलू नका. फिल्म, डेव्हलपर, तापमान असं सगळंच दरवेळी बदलत गेलात तर चूक कुठे झाली ते कधीच सापडणार नाही. अण्णांना निवडच नव्हती. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' मिळाला की तो, नाही तर दुकानदार देईल तो. पण त्यामुळे त्यांना आपला रोल पाठ होता. नुसतं आभाळ बघून ते एक्स्पोजर, म्हणजे फिल्मला किती उजेड द्यायचा ते सांगायचे.

कॅमेरा आधी घरच्या माळ्यावर शोधा, मग मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात. पेंटॅक्स के१००० सारखा पूर्ण यांत्रिक कॅमेरा मिळाला तर सोनं. तो १९७६ ते १९९७ इतकी वर्षं बनत होता, त्यामुळे अजून हिंडता-फिरता सापडतो. विकत घेताना तीन गोष्टी बघा. लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, घेऊ नका. मागचं झाकण उघडून खाचेतला काळा फोम बोटाने दाबा. चिकट डांबरासारखा लागला तर तो बदलावा लागेल, नाही तर उजेड आत शिरेल. आणि शटर एका सेकंदावर ठेवून दाबा, कानाने ऐका. मध्येच अडकत असेल तर आतलं वंगण वाळलंय.

रोल भरणं सोपं, पण माझा सगळ्यात मोठा तोटा तिथेच झाला. ताईच्या डोहाळजेवणाला मी ३६ फोटो काढले. ताई हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत, आईच्या हातची ओटी. रोल धुतला तर पट्टी कोरी. फिल्मची जीभ, म्हणजे डबीबाहेरचं टोक, पलीकडच्या चरखीत अडकलीच नव्हती आणि कॅमेरा आपला खटखट वाजत राहिला. तेव्हापासून मी रोल भरल्यावर डाव्या हाताची रिवाइंडची चकती हलकेच फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढते आणि मग पुढच्या फोटोसाठी फिल्म ओढताना त्या चकतीकडे बघते. ओढताना ती उलट फिरली म्हणजे फिल्म पुढे सरकतेय. नाही फिरली तर झाकण उघडा, पुन्हा भरा. पहिल्या तीन फ्रेमना हे बघायचंच.

एक्स्पोजरसाठी उजेड मोजणारा मीटर नसला तरी अडत नाही. कडक ऊन असेल तर लेन्सचं छिद्र एफ १६ वर (एफचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) आणि शटर रोलच्या आयएसओच्या जवळचं: ४०० च्या रोलला १/५०० सेकंद. पातळ ढग आले की एफ ११, आभाळ भरलं की एफ ८, श्रावणातल्यासारखं गच्च असेल तर एफ ५.६, उन्हाच्या दिवशी पण झाडाच्या किंवा वाड्याच्या सावलीत एफ ४. शंका आली तर उजेड थोडा जास्तच द्या. निगेटिव्ह जास्तीचा उजेड पोटात घालते, पण कमी पडलेला कुठून आणणार? सावलीत जे उमटलंच नाही ते नंतर कुठल्याही युक्तीने येत नाही.

रसायनं

लागतात दोनच: डेव्हलपर आणि फिक्सर. फिक्सरला आमच्याकडे हायपोच म्हणत.

फिल्मच्या जिलेटीनमध्ये सिल्व्हर हॅलाइडचे बारीक कण असतात. ज्या कणावर उजेड पडला त्यावर चांदीच्या मोजक्या अणूंचा ठिपका तयार होतो, डोळ्यांना न दिसणारा. डेव्हलपर असे ठिपकेवाले कण शोधून पूर्णच्या पूर्ण चांदीत बदलतो आणि बाकीच्यांना हात लावत नाही. हायपो ते उरलेले कण विरघळवून काढून टाकतो. वर्गात मी हे फळ्यावर समीकरण लिहून शिकवते, पण मुलांचे डोळे चमकतात ते ओली पट्टी टाकीतून वर येते तेव्हा.

डेव्हलपर म्हणून डी-७६ घ्या. हे कोडॅकचं १९२७ चं सूत्र, आणि आजही नव्या डेव्हलपरची तुलना याच्याशीच करतात. तयार पाकीट मिळतं. मिळालं नाही तर प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानातून आणून घरी बनवता येतं. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाईट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. सल्फाईट मागताना चिठ्ठीवर लिहून न्या, निर्जल असंही लिहा आणि बाटलीवरचं लेबल स्वतः वाचा. दुकानातली मुलं घाईत सल्फेट देतात आणि त्याने डेव्हलपर होत नाही.

क्रम महत्त्वाचा. पाऊण लिटर पाणी ५० अंशांना गरम करा. आधी चिमूटभर सल्फाईट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाईट, मग हायड्रोक्विनोन, शेवटी टाकणखार. सगळं सल्फाईट आधी टाकलंत तर मेटॉल विरघळत नाही, तळाशी रवा राहतो. मग थंड पाणी घालून एक लिटर करा. हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या बोटांना खाज सुटते, कातडी फाटते. काटा सोनाराच्या काट्यासारखा दशांश ग्रॅम दाखवणारा हवा. आणि यासाठी घेतलेलं पातेलं, चमचा, मापपात्र परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. मी त्या भांड्यांना लाल रंगाचे पट्टे मारलेत.

द्रावण तपकिरी बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, वरती हवा राहू देऊ नका. भरलेली बाटली सहा महिने टिकते. अर्धी झाली की दोन महिन्यांत संपवा. पाणी चहासारखं दिसू लागलं तर ओतून द्या.

अंधार

घरी रोल धुण्यातला खरा अवघड भाग दहा मिनिटांचाच आहे: गडद अंधारात फिल्म डबीतून काढून टाकीतल्या रिळावर चढवणं. टाकी म्हणजे रोल धुवायचा छोटा डबा: झाकण लागलं की त्यात द्रावण ओतता येतं, पण उजेड शिरत नाही. रीळ म्हणजे त्यातली खाचांची चकरी, फिल्म गुंडाळायची. एकदा टाकीचं झाकण लागलं की पुढचं सगळं दिवे लावून, रेडिओ ऐकत होतं.

बऱ्याच जणांना वाटतं, डार्करूम म्हणजे लाल दिवा. लाल दिवा कागदावर प्रिंट काढताना चालतो. फिल्मला लाल उजेडही दिसतो, तेव्हा तिला काळोखच हवा. माझा एक रोल धूसर झाला तेव्हा तीन दिवस कारण सापडेना. शेवटी रात्री न्हाणीघरात दार लावून नुसती बसून राहिले. पाच मिनिटांनी डोळे सरावले आणि वर गिझरचा तो तांबडा ठिपका भिंतीवर उजेड पाडताना दिसला. तेव्हा गिझर मुख्य बटणावरून बंद करा, खिडकीला काळा कागद लावा, दाराखाली जाड टॉवेल गुंडाळून ठेवा, फोन आणि चमकणारं घड्याळ बाहेर ठेवा. रात्रीच करा. पाच मिनिटं बसा. स्वतःच्या हाताची बाह्यरेषासुद्धा दिसत असेल तर अंधार पुरेसा नाही.

त्याआधी सराव हवाच. मुदत संपलेला एक स्वस्त रोल घ्या आणि तो बळी द्या. आधी उजेडात बघत पाचदा रिळावर चढवा, मग डोळे मिटून दहा वेळा. ३६ फोटोंची फिल्म साधारण १.६ मीटर लांब असते. ती अंधारात हातातून सुटली तर सापासारखी न्हाणीघरभर होते आणि घाम फुटतो. घाम फुटला की बोटं ओली, बोटं ओली की फिल्म रिळात अडकते. हे चक्र सुरू होऊ द्यायचं नाही. रीळ पूर्ण कोरडं असू द्या. पावसाळ्यात मी ते केस वाळवायच्या मशीनने दोन मिनिटं शेकते. फिल्मच्या टोकाचे दोन्ही कोपरे कात्रीने किंचित गोल कापा, म्हणजे रिळाच्या खाचेत टोचत नाहीत. मग अंगठ्यांनी फिल्म धरून रिळाच्या दोन बाजू आळीपाळीने पुढे-मागे, पुढे-मागे. करकर आवाज आला किंवा जोर लावावा लागला तर थांबा, थोडी मागे ओढा, पुन्हा करा. वस्तू नेहमी एकाच क्रमाने मांडून ठेवा: डावीकडे टाकी, मग झाकण, मग रीळ, उजवीकडे कात्री. अण्णा म्हणायचे, अंधारात डोळ्यांचं काम जागेवर ठेवलेल्या वस्तू करतात.

डबी उघडायला बाटलीचं ओपनर लागतं. आणि टाकीच्या मधली नळी विसरू नका. ती नसेल तर झाकण लावूनही वरून उजेड शिरतो.

धुणं

पाणी २० अंशांचं, असं सगळ्या तक्त्यांवर लिहिलेलं असतं. डिसेंबरात पुण्यात नळाला तेवढं थंड पाणी येतं. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला कोमट लागतं. उन्हाळ्यात २० च्या मागे लागू नका. परातीत पाणी आणि थोडा बर्फ घ्या, त्यात रसायनांच्या बाटल्या उभ्या करा आणि २४ वर स्थिर करा. डेव्हलपर, हायपो आणि धुवायचं पाणी या तिन्हींत फार फरक नको. फिल्मला गरम-गार सोसत नाही.

डी-७६ मध्ये तेवढंच पाणी मिसळून वापरा: १५० मिली द्रावण, १५० मिली पाणी. एका रोलला हे ३०० मिली पुरतं आणि वापरून झालं की ओतून द्यायचं. एचपी५ ला या मिश्रणात २० अंशांना ११ मिनिटं लागतात, २४ ला साधारण साडेसात. तापमान वाढलं की वेळ घटते. २० ला जिथे ४ मिनिटं तिथे २३ ला ३, हा हिशेब लक्षात ठेवा. फक्त ५ मिनिटांच्या खाली जाऊ नका, डाग पडतात. द्रावण पातळ करून वापरायचं कारणच ते.

हे मिश्रण टाकीत ओता, टाकी ओट्यावर दोनदा आपटा म्हणजे बुडबुडे सुटतील. पहिल्या दहा सेकंदांत टाकी चार वेळा उलटी-सुलटी करा, नंतर दर मिनिटाच्या सुरुवातीला चार वेळा. ताक घुसळल्यासारखी हलवू नका. मनगटाने सावकाश उलटी, सावकाश सुलटी. वेळ संपायच्या दहा सेकंद आधी बाहेर ओतायला सुरुवात करा. मग साध्या पाण्याने दोनदा भरून ओता.

आता हायपो. इथे एक छोटा प्रयोग आधीच करून ठेवा, मला तो फार आवडतो. रोलच्या सुरुवातीची जी जीभ कापली तिचा तुकडा उजेडात, वाटीभर हायपोत टाका. दुधी, अपारदर्शक तुकडा कडेपासून विरघळू लागतो आणि बघता बघता खालच्या वाटीचा तळ दिसायला लागतो. पूर्ण स्वच्छ व्हायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ रोल हायपोत ठेवायचा. दीड मिनिट लागलं तर तीन मिनिटं. पुढच्या खेपेला हाच वेळ वाढत गेला की समजायचं, हायपो थकला. रोलचा हायपोतला वेळ पूर्ण झाला की झाकण उघडायला हरकत नाही.

शेवटच्या धुण्याला नळ सोडून ठेवायची गरज नाही. आमच्या सोसायटीत मे महिन्यात टँकर येतो, त्यामुळे ही पद्धत मला जवळची आहे आणि ती इलफर्डनेच दिलेली आहे. टाकी भरा, ५ वेळा उलटी-सुलटी करा, ओता. पुन्हा भरा, १० वेळा, ओता. पुन्हा भरा, २० वेळा, ओता. एक लिटरसुद्धा पाणी लागत नाही. अगदी शेवटी गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात वेटिंग एजंटचा, म्हणजे पाणी पट्टीवर थेंब न धरता निथळावं म्हणून घालायच्या द्रवाचा, एखादा थेंब. नळाच्या पाण्यातले क्षार वाळून पांढरे ठिपके सोडतात आणि ते नेमके चेहऱ्यावर येतात.

आता पट्टी बाहेर काढा. घाईने बोटांच्या चिमटीत धरून निपटू नका. ओलं जिलेटीन सायीसारखं असतं, नखाचा ओरखडा कायमचा. न्हाणीघरात गरम पाण्याचा शॉवर दोन मिनिटं सोडून बंद केला की वाफेने धूळ खाली बसते. तिथेच दोरीला टांगा, खाली दोन चिमटे वजनाला लावा, पंखा लावू नका, दार ओढून घ्या. दोन-तीन तास कुणालाही आंघोळ नाही. आमच्या घरी आता ते सगळ्यांना पाठ आहे.

नंतर

वापरलेला हायपो मोरीत ओतू नका. त्यात तुमच्या फोटोंतून सुटलेली चांदी असते. मी पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवते आणि जुन्या पद्धतीच्या एक्स-रे फिल्म धुणारे ज्यांना माल देतात त्यांच्याकडे पाठवते. ते त्यातून चांदी काढतात.

स्कॅनरवर अडून बसू नका. टॅब्लेटचा पडदा पांढरा करा, त्यावर दोन बोटं उंच काच ठेवा म्हणजे पडद्याचे ठिपके येणार नाहीत, काचेवर पट्टी, वरून फोनने फोटो, मग रंग उलटे करा. सुरुवातीला एवढं पुरे.

रोल लॅबला द्यायचीच वेळ आली तर निगेटिव्ह परत हव्यात हे आधी लिहून द्या. माझ्या एका विद्यार्थिनीने आजीचे फोटो काढलेले दोन रोल कुरिअरने पाठवले. स्कॅन मेलवर आले, निगेटिव्ह आल्याच नाहीत. विचारल्यावर उत्तर मिळालं, त्या कुणी मागत नाही म्हणून टाकून देतो. मला अजून त्याचा राग येतो. स्कॅन ही झेरॉक्स आहे. मूळ कागद त्यांनी कचऱ्यात टाकला.

कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा आता फिल्म संपली असं मलाही वाटलं होतं. पण रोल मिळत राहिले. २०२३ च्या अखेरीस इलफर्डचे रोल बनवणाऱ्या हारमनने फिनिक्स नावाचा नवा रंगीत रोल काढला, २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवा फिल्म कॅमेरा. तेव्हा शिकून काय उपयोग, ही शंका मनातून काढून टाका.

पट्टी वाळली की सहा-सहा फ्रेमचे तुकडे करा आणि कागदी किंवा पारदर्शक पाकिटात घाला. पावसाळ्यासाठी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि डबा खालच्या फडताळात ठेवू नका. मग एक दोनशे पानी वही घ्या. अण्णांच्या वहीत पाच रकाने होते: नंबर, तारीख, नाव, काय, आणि कॉपी किती. वीस वर्षांनी कुणी येऊन म्हणायचं, वडील गेले, तुमच्याकडे त्यांचा एक फोटो काढला होता, आणि अण्णा वही उघडून बोट फिरवत डब्यापर्यंत जायचे. पुरात ती वही गेली, त्यामुळे मिरजेच्या अंगणात वाळवलेल्या पट्ट्यांवरचे चेहरे मी अजून ओळखत बसले आहे. म्हणून नंबर पाकिटावर पेन्सिलीने लिहा, शाईने नको. पहिल्या पाकिटावर १, वहीच्या पहिल्या ओळीतही १, आणि पुढे माणसांची नावं पूर्ण लिहा.